पाण्याने राखलेलं रान

माझा धाकटा मेहुणा चंद्रपूरचा. ताडोबाचं मोहर्ली गेट त्याच्या घरापासून तासाभराच्या आत. तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघ दिसला, तर त्याच्या गावात फार तर चहाच्या टपरीवर चर्चा होते. मुंबईत आलाच आहेस तर तुला इथलं राष्ट्रीय उद्यान दाखवतो, असं म्हटल्यावर तो बहिणीकडे बघून हसला. "लोकलने जंगलात जायचं? जाऊ की भाऊजी. रिटर्न तिकीट काढा म्हणजे झालं."

बेत सोमवारचा होता. रात्री उशिरा आठवलं, की सोमवारी उद्यान बंद असतं. मंगळवारी निघालो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पाऊस परतीला लागलेला, पण छत्री घरी ठेवायचं धाडस होऊ नये इतपत शिल्लक.

बोरिवलीला पूर्वेला उतरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की पश्चिम द्रुतगती महामार्ग आडवा येतो आणि त्याच्या पलीकडे थेट उद्यानाचं प्रवेशद्वार. शहर संपून मग रान सुरू होतंय, असं काही इथे होत नाही. डोक्यावरून मेट्रो जाते, तिच्या एका स्टेशनाचं नावच ‘राष्ट्रीय उद्यान’ आहे. बोरिवलीकर मात्र ‘नॅशनल पार्क’च म्हणतात. पाटीवर संजय गांधींचं नाव आहे. त्याआधी हे बोरिवली राष्ट्रीय उद्यान होतं आणि त्याच्याही आधी कृष्णगिरी. हे जुनं नाव कान्हेरीच्या लेण्यांवरून आलं. तिथल्या प्राकृत शिलालेखांत डोंगराचा उल्लेख ‘कण्हसेल’ असा येतो, म्हणजे काळा डोंगर. तीन नावांतलं सर्वांत जुनं तेच सर्वांत खरं, असं माझं मत. डोंगर अजून काळाच आहे.

दारावर पिशव्या तपासल्या गेल्या, प्लॅस्टिक बाजूला काढलं गेलं आणि आम्ही आत शिरलो. पहिला किलोमीटरभर मेहुणा काही बोलला नाही. प्रभातफेरी आटोपून निघालेले आजी-आजोबा, भाड्याच्या सायकली, नौकाविहाराचं छोटं तळं, ‘वनराणी’ या झुकझुक गाडीचे रूळ, गांधी टेकडीकडे जाणारी वाट, व्याघ्रविहाराची तिकीट खिडकी. शेवटी तो थांबलाच. "भाऊजी, तुम्ही मला गार्डन दाखवून राहिले का?"

त्याचं चुकलं नव्हतं. दर्शनी भाग बागच आहे. शाळेच्या सहली इथेच येतात, इथूनच परत जातात आणि मुलं घरी जाऊन ‘वाघ बघितला’ म्हणून सांगतात. तो वाघ कुंपणातला असतो. सिंह तर या डोंगरांचा कधी नव्हताच. २०२२ साली गुजरातेतून सिंहाची जोडी आणली, त्या बदल्यात इथून वाघ गेले. जाळीच्या बसमधून ते बघण्यात लहान मुलांना आनंद होतो आणि तेवढा पुरेसा आहे. आमच्यात लहान कोणी नव्हतं, त्यामुळे आम्ही खिडकीवरून पुढे गेलो.

पुढे रस्ता वळतो आणि एका पुलाखालून नदी जाते. दहिसर नदी. पावसाळा सरत आला असला तरी पाणी चांगलं पोटरीभर होतं. तळातले गोटे मोजता यावेत इतकं नितळ. मेहुणा काठावर उतरला, बाही वर केली, ओंजळ भरून तोंड धुतलं आणि मानेवरून ओला हात फिरवला. वर रस्त्यावर उभ्या असलेल्या वनरक्षकाने लगेच शिट्टी वाजवली. तो वर आला तो जरा बरा चेहरा करूनच. "पाणी मस्त आहे पण."

त्या ‘पण’पासून मला सांगायला सुरुवात करता आली.

उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. ताडोबाच्या गाभ्याच्या सव्वासहाशे चौरस किलोमीटरपुढे हे काहीच नाही. पण दुसरं माप लावून बघा: कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं सगळं जुनं मुंबई बेट सत्तर चौरस किलोमीटरांच्याही आत बसतं. त्या बेटाच्या दीडपट रान, आणि त्याच्या चारी अंगांना बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, भांडुप, मुलुंड, ठाणे, घोडबंदर. जिथे चाळीतल्या खोलीसाठी भावाभावांची कोर्टकचेरी चालते, तिथे एवढी जमीन मोकळी राहिली कशी?

प्राण्यांच्या प्रेमापोटी तर नक्कीच नव्हे. ती राहिली पाण्यापायी. विहिरी आणि तळ्यांवर जगणारं मुंबई शहर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तहानेने रडकुंडीला आलं होतं. तेव्हा हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या देखरेखीखाली या डोंगरांत विहार तलावाचं काम सुरू झालं, १८५६ साली. १८६० साली ते पुरं झालं आणि मुंबईला पहिल्यांदा नळाने पाणी आलं. ते पुरेना म्हणून १८७९ साली वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला. तलावात स्वच्छ पाणी उतरायचं तर पाणलोटात वस्ती नको, शेती नको, गुरं नकोत, आणि डोंगरावरची माती धरून ठेवायला झाडं मात्र हवीत. राखीव रानाचा पाया असा पडला. राष्ट्रीय उद्यान, वन्यजीव संरक्षण, जैवविविधता हे शब्द पुष्कळ नंतर आले.

आज तानसा, वैतरणा, भातसा या धरणांपुढे विहार आणि तुळशी म्हणजे घागरीपुढची लोटी. तुळशीची क्षमता आठ अब्ज लिटरच्या आसपास, विहारची पावणेअठ्ठावीस अब्ज. शहर रोज जवळजवळ चार अब्ज लिटर पितं. दोन्ही तलाव काठोकाठ भरले तरी मुंबईची नऊ-दहा दिवसांची बेगमी. पण जुलैत एखाद्या सकाळी ‘तुळशी तलाव भरून वाहू लागला’ ही बातमी वाचून मुंबईकर चहाचा घोट सुखाने घेतो, तो आकड्यामुळे नव्हे. हे दोनच तलाव शहराच्या अंगणातले आहेत.

मेहुण्याने आकडे ऐकून घेतले आणि विचारलं, "ते ठीक आहे. बिबट कुठं राहतो?"

त्यासाठी शिलोंडाची वाट धरली. तिथे परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं असतं. आमचा वाटाड्या उद्यानाच्या हद्दीतल्याच एका पाड्यावरचा, पंचविशीचा वारली तरुण. पायात प्लॅस्टिकच्या चपला, हातात काठी. वाट सुरू झाली आणि शंभर पावलांत महामार्गाचा आवाज गेला. कमी झाला असं नाही, गेलाच. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी खवलेदार खोडं, करंज, कळंब, कुंभा आणि उतारभर कारवी. कारवी सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी फुलते. २०१६ साली इथल्या टेकड्या जांभळ्या झाल्या होत्या, तेव्हा बघायला मी येऊन गेलो होतो. वाटाड्याला फुलांचं अप्रूप बेताचंच. कारवीच्या सरळ काठ्या एकमेकींत गुंफून, वरून शेणमातीने लिंपून कुडाची भिंत करतात. त्याच्या आजीचं घर तसं होतं. आता त्याच्याकडे पत्रा आहे. "पत्र्यात गरम होतं," तो म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

दोन झाडांच्या मधे तोंडासमोरच जाळं होतं. हात पसरले तरी पुरणार नाही एवढं. सकाळच्या उन्हात त्याचा धागा पांढरा नव्हे, चक्क पिवळा, सोन्याच्या सरीसारखा दिसत होता. मधोमध तळहाताएवढी मादी, काळी, अंगावर पिवळ्या रेघा. वाटाड्याने काठीच्या टोकाने जाळ्याची वरची कड दाखवली. तिथे तांबूस ठिपक्याएवढा काहीतरी बसला होता. तो नवरा. तिच्या मानाने इतका लहान, की ती त्याची दखलही घेत नाही. त्यामुळेच तो टिकतो. मेहुण्याने मोबाइल बाहेर काढला तो तेव्हा पहिल्यांदा.

पावसाने मऊ झालेल्या एका वळणावर वाटाड्या खाली बसला. चिखलात दोन ठसे शेजारी शेजारी होते. एक लांबट, पुढे चार नखांचे टोचे. "हे कुत्रं." दुसरा गोल, थोडा मोठा, मागची गादी रुंद, आणि नखांचा मागमूस नाही. मांजरकुळातला प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो. ठशाच्या कडा अजून धारदार होत्या, आत पाणी साचलं नव्हतं. पहाटे पाऊस पडून गेला होता, म्हणजे ठसा त्यानंतरचा. मेहुणाही खाली बसला. ठशावर पंजा न टेकवता त्याने आपली बोटं वर धरून माप घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मादी वाटते."

मेहुणा आणि वाटाड्या या दोघांमधला जो काही परकेपणा होता तो तिथे मिटला. पुढचा अर्धा तास ते एकमेकांशीच बोलत होते आणि मी मागून ऐकत होतो. चंद्रपूरकर ‘बिबट’ म्हणतो, आमच्या वर्तमानपत्रांत ‘बिबट्या’ असतो, जुन्या पुस्तकांत ‘बिबळ्या’. वाटाड्या मात्र सरळ ‘वाघ’ म्हणत होता. इथल्या वारल्यांचा वाघोबा हा देव आहे. त्याची ठाणी पाड्यांच्या आसपास, शेजारच्या आरे कॉलनीतही आहेत. शेंदूर लावलेली शिळा किंवा लाकडी पाट, त्यावर कोरलेला वाघ, कधी सोबत चंद्र-सूर्य. वाघबारशीला त्याला मान दिला जातो. "दिसतो का रोज?" असं मेहुण्याने विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, "रोज नाय दिसत. रोज असतो."

किती असतात हेही आता मोजलेलं आहे. झाडांना कॅमेरे बांधून, अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून एकेक जनावर वेगळं ओळखून केलेल्या गणनेत २०१५ साली उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे मिळाले, २०१८ साली ४७. शंभर चौरस किलोमीटरमागे सव्वीसच्या आसपास ही घनता जगातल्या सर्वाधिक घनतांपैकी एक आहे. खातात काय? चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे. पण रानाच्या कडेला भटकी कुत्री आहेत, आणि अभ्यासकांनी तपासलेल्या विष्ठेत कुत्र्यांचा वाटा मोठा निघाला. कुत्री येतात कचऱ्याला, कचरा येतो आपल्या डब्यांतून. बिबट्याच्या शिकारीचा पत्ता असा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत लागतो.

हे सगळं गुण्यागोविंदाने चाललं आहे असं मात्र समजू नये. २००४ साल अंगावर काटा आणणारं होतं. त्या जूनमध्ये बिबट्याच्या हल्ल्याची बातमी वर्तमानपत्रात जणू रोजचीच झाली. पिंजरे लागले, बिबटे धरले गेले, आणि माणसं म्हणू लागली की यांना कुठेतरी दूर नेऊन सोडा. विद्या अत्रेय आणि इतर अभ्यासकांनी जुन्नरकडच्या अनुभवावरून दाखवून दिलं, की दूर नेऊन सोडणं हाच तर रोग आहे. आपलं रान, पाणवठे, वाटा माहीत असलेला बिबट्या माणसाला टाळून जगतो. त्याला उचलून परक्या मुलखात टाकला की तो बावचळतो आणि अपघात वाढतात. बाहेर पकडलेले बिबटे या उद्यानातही आणून सोडले गेले होते. पुढे ते थांबलं. २०११ पासून वनखात्याने अभ्यासक आणि स्वयंसेवकांना बरोबर घेऊन भोवतालच्या वस्त्यांत ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ ही मोहीम चालवली. कचरा उचला, दिवे लावा, लहान मुलाला अंधारात एकटं सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून गर्दी करू नका. सांगण्यासारखं एवढंच होतं, पण ते पाड्यापाड्यावर, शाळेशाळेत जाऊन सांगावं लागलं. हल्ले पुष्कळ कमी झाले. संपले नाहीत, आरे कॉलनीत २०२१ आणि २०२२ साली पुन्हा झाले, एक लहान मूल दगावलं. ज्यांच्या घराला भिंतीच्या जागी ताडपत्री आहे, त्यांना घनतेचे आकडे सांगून समाधान होत नाही.

इथे मेहुण्याला ‘आजोबा’ आठवला. सुजय डहाकेंचा २०१४ सालचा तो चित्रपट त्याने पाहिला होता, पण मूळ बिबट्याची गोष्ट खरी आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला तो नर. बाहेर काढल्यावर तो इतका शांत बसून राहिला, की विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याचं नाव आजोबा ठेवलं. २००९ साली गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. आजोबा चालू लागले. मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याकडे रेल्वेचे रूळ ओलांडले, शे-सव्वाशे किलोमीटर अंतर कापून वसईकडून खाडी पोहून नागल्याच्या रानात आले, म्हणजे याच उद्यानाच्या उत्तरेच्या तुकड्यात. वाटेत एकाही माणसाला त्यांनी हात लावला नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने ते मेले.

"खाडी पोहून?" मेहुण्याने दोनदा विचारलं.

शिलोंडाहून परतून मुख्य रस्त्यावर आलो आणि कान्हेरीला जाणारी उद्यानाची बस पकडली. मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. उतरल्या उतरल्या पाड्यांवरच्या बायका बसल्या होत्या. पाटीत काकड्या, पेरू आणि एका कोपऱ्यात करटोली. काकडी उभी चिरून तिखट-मीठ लावून घेतली. पायऱ्यांवर तिसरा घास घ्यायच्या आत एका माकडाने मेहुण्याच्या हातातली काकडी नेली, आणि घाईही न करता, समोरच्या कठड्यावर बसून, तिखट लागलेला भाग दगडावर पुसून खाल्ली. ताडोबाचा माणूस बघतच राहिला.

कान्हेरी हे प्रकरण एका दुपारी आटोपण्याजोगं नाही. शंभराहून जास्त लेणी एकाच डोंगरात; सुरुवात इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात आणि वावर दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत. लोक साधारण तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघतात, त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या, सात मीटरच्या आसपास उंचीच्या बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि उतरतात. अकराव्या लेण्यातल्या लांबलचक दगडी बाकांपर्यंत काही जण जातात. एकेचाळिसाव्यातल्या अकरा मुखांच्या अवलोकितेश्वरापर्यंत त्याहून थोडे. अशी मूर्ती देशात दुर्मीळ आहे. जरा चढायची तयारी ठेवा. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवीसन १००९ आणि १०२१ मधले. इराणी वंशाची, जरथुश्त्री माणसं इथे आली आणि त्यांनी आपली नावं, तारखा कोरून ठेवल्या. ‘अमुक तमुक इथे येऊन गेला’ हा आपल्याकडचा भिंतीवरचा उद्योग हजार वर्षांचा आहे तर! फरक इतकाच, की त्यांना अक्षर चांगलं होतं.

मी मेहुण्याला आणलं होतं ते मात्र दुसरंच काही दाखवायला. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात, दारापासून दोन हातांवर, जमिनीच्या कातळात एक चौकोनी तोंड असतं. वरून पाहिलं तर साधा खड्डा वाटतो. आत डोकावलं की कळतं, खाली कातळ पोखरून खोलीएवढं टाकं केलेलं आहे. तोंड लहान ठेवलंय ते ऊन लागून पाणी उडू नये म्हणून आणि पालापाचोळा पडू नये म्हणून. शिलालेखांत याला ‘पोढी’ म्हणतात. राहायच्या जागेला ‘लेण’, पाण्याच्या जागेला ‘पोढी’. पहिला शब्द आपण दोन हजार वर्षं जपला, दुसरा हरवला. या पोढ्या कोणी दिल्या त्यांचे गाव आणि धंदे कोरलेले आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे लोक. व्यापारी, सोनार, भिक्षू, भिक्षुणी. राष्ट्रकूटांच्या काळातल्या एका देणगीत भिक्षूंच्या पुस्तकांसाठीही पैसे वेगळे काढलेले आहेत.

आता नजर टाक्यावरून उचलून वर न्यायची. लेण्याच्या कपाळावर, कातळाच्या उतारावर बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या आहेत. वरच्या डोंगराचं पाणी दारातून आत येऊ नये म्हणून ते कडेला वळवायचं, आणि कडेला वळवलेलं वाया जाऊ नये म्हणून टाक्यात सोडायचं. टाकं भरलं की सांडवा खालच्या लेण्याच्या टाक्याकडे. मी एका पन्हळीत करंगळी ठेवली. ओल होती. रात्रीच्या पावसाचं पाणी अजून केसाएवढ्या धारेने झिरपत होतं आणि ठिबक ठिबक पोढीत पडत होतं. कान लावला की आवाज येतो, आत पोकळी असल्यामुळे जरा घुमून.

मेहुणा सिंचन खात्यात कंत्राटं घेतो. तो बराच वेळ त्या पन्हळीच्या उताराकडे बघत उकिडवा बसला होता. "याचा लेव्हल कसा काढला असन यांनी?" एवढं बोलला. पाऊस चार महिने, शेकडो भिक्षूंची वस्ती बारा महिने, आणि डोंगरमाथ्यावर नदी नाही. पाण्याचा हिशेब चुकता तर हा विहार हजारेक वर्षं नांदला नसता.

सर्वांत वरच्या लेण्यांच्या माथ्यावर गेलं, की झाडांच्या हिरव्या पसाऱ्यात एका बाजूला तुळशीचं पाणी दिसतं, शिशाच्या रंगाचं. त्या तलावांवर महापालिकेच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. त्यांच्यात मगरी आहेत हे कारण त्यात धरलेलं नाही. याच डोंगरांतून दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्या निघतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याची मिठी माहीमला समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईला कळलं, की आपण जिला नाला समजत होतो ती नदी आहे.

दुसऱ्या बाजूला इमारतींचं कुंपण. नव्वदच्या दशकात या उतारांवर लाखोंची झोपडवस्ती चढली होती. १९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप उच्च न्यायालयात गेला, १९९७ साली आदेश झाला, बुलडोझर आले. पात्र ठरलेल्यांना चांदिवलीत घरं मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली. ज्यांची नावं कागदावर नव्हती त्यांचं काय झालं, हे कोणत्या आकड्यात येत नाही. पाड्यांवरचे वारली, कोकणा, मल्हार कोळी तर उद्यानाच्याही आधीचे; त्यांच्या दिव्याचा, नळाचा, वाटेचा प्रश्न अजून अर्जांतच आहे. आणि याच डोंगराच्या पोटातून आता ठाणे–बोरिवली जुळा बोगदा जायचा आहे, दहा किलोमीटरहून लांब. वरची झाडं वाचतील असं सांगतात. माझी शंका झाडांपेक्षा खडकात मुरलेल्या पाण्याची आहे. पोढ्या खोदणाऱ्यांना विचारायची सोय असती तर बरं झालं असतं.

पाचच्या बसने खाली आलो. पाय दुखत होते, भूक लागली होती. दारातून बाहेर पडून मेहुण्याला म्हटलं, रिक्षा करून दौलतनगरला जाऊ, तिथे वडापाव खाऊ, मग गाडी पकडू. रिक्षा एका पुलावर वाहतुकीत अडकली. दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती, मधे काळं, संथ, फेसाळ पाणी, त्यावर थर्माकोल आणि पिशव्या. मेहुण्याने नाकाला रुमाल लावला.

"हा कोणता नाला हो, भाऊजी?"

"सकाळी तू ज्या पाण्याने तोंड धुतलंस, तेच."

त्याने रुमाल खाली घेतला आणि रिक्षातून वाकून मागे, डोंगराच्या दिशेने पाहिलं. तिथून इथवर अंतर चार-पाच किलोमीटरचं आहे. पुढे ही नदी मनोरीच्या खाडीला मिळते.